परभाषा ऐकण्याची विद्या

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट आहे. फ्रान्स्वा ग्वँ नावाचा एक फ्रेंच शिक्षक जर्मन भाषा शिकण्यासाठी हांबुर्ग शहरी जाऊन राहिला. तो लॅटिन शिकवीत असे आणि लॅटिन ज्या मार्गाने आपण हस्तगत केली त्याच मार्गाने जर्मनही करू, अशी त्याची खात्री होती. खोलीचे दार लावून घेऊन त्याने जर्मन व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे दहा दिवसांत मुखोद्गत केली व मोठ्या उमेदीने तो व्याख्यान ऐकण्यास गेला. त्याला एक शब्दही उमगला नाही. मग त्याने भाषेतील धातू पाठ केले. पुन्हा गेला, पुन्हा तोच अनुभव. केशकर्तनालयात बसून गिऱ्हाइकांशी बोलण्याचा यत्न केला, तर लोक हसले. गटे आणि शिलर ह्यांच्या ग्रंथांची भाषांतरे करून पाहिली. अखेर त्याने तीस दिवसांत शब्दकोशातील तीस हजार शब्द घोकले. आणि इतके करून जेव्हा तो जर्मन माणसांत जाऊन बसला, तेव्हाही त्यांचे बोलणे त्याला पूर्वीइतकेच अगम्य राहिले.

हताश होऊन तो मायदेशी परतला. घरी पाहतो तो त्याचा सुमारे तीन वर्षांचा भाचा, जो पूर्वी बोलत नव्हता, तो आता घडाघडा फ्रेंच बोलत होता. हे मूल एकदा पिठाची गिरणी पाहून आले आणि तेथे क्रमाने काय काय घडते ते पुनःपुन्हा सांगू लागले. त्यावरून ग्वँला एक नवी अध्यापनपद्धती सुचली आणि १८८० साली त्याने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एक क्रिया, तिच्यातील लहान लहान पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक वाक्य, अशी ती रीत होती. ती पुष्कळ गाजली. परंतु मला असे वाटते, की ग्वँला त्या मुलाकडून अर्धाच धडा मिळाला. मूल क्रमाने बोलते हे त्याने पाहिले. पण बोलू लागण्यापूर्वी ते दोन वर्षे नुसते ऐकत होते, ही गोष्ट त्याच्या पद्धतीत फारशी उतरली नाही.

परकी भाषा शिकविण्याचा जो इतिहास आहे, त्यात कानाची ही उपेक्षा सर्वत्र आढळते. तिचे मूळ शोधावयास फार दूर जावे लागत नाही. युरोपात शतकानुशतके जी भाषा शाळेत शिकविली जाई ती लॅटिन, आणि तिच्यात घरी वा बाजारात बोलणारे कोणी उरले नव्हते. जी भाषा रस्त्यावर कानी पडतच नाही ती ऐकून समजण्याची विद्या कोण कशाला शिकवील? मृत भाषेसाठी घडविलेली ही रीत पुढे जिवंत भाषांनाही जशीच्या तशी लावण्यात आली, आणि तीच सगळ्या गोंधळाचे कारण झाली. आपल्याकडेही इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी शेक्सपिअर वाचला, मिल्ल वाचला. पण बोटीतून उतरल्यावर लंडनच्या हमालाचे बोलणे कळेना, म्हणून ओशाळे होण्याचा प्रसंग त्यांतील अनेकांवर आला असेल.

ज्यांना शाळाच मिळाली नाही, त्यांची गोष्ट निराळी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला आणि साष्टी प्रांतात त्याने जवळजवळ चार दशके काढली. कोकणी भाषेचे मुद्रित व्याकरण तेव्हा नव्हतेच; ते पुढे त्यानेच रचले आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, ते मराठी ओवीत आहे. ओवी हा छंद डोळ्यांनी अक्षरे मोजून साधत नाही. तो ज्याच्या कानात बसला आहे त्यालाच साधतो. तेव्हा ह्या परदेशीयाने लिहिण्यापूर्वी किती ऐकले असेल, ह्याचा अंदाज त्या ग्रंथावरूनच करावा.

कंपनी सरकारच्या काळात ऐकण्याची सोय एका विशिष्ट प्रकारे झाली. साहेब मुनशी ठेवी, मुनशी वाचून दाखवी, साहेब मागून म्हणे. मुनशीची भाषा मात्र ग्रंथांची आणि दरबाराची. ती शिकून साहेब कचेरीत गेला, की समोरच्या कुळाचे बोलणे त्याला समजत नसे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरी ह्याने ही अडचण ओळखली होती असे दिसते. १८०१ साली त्याने बंगाली संवादांचे एक पुस्तक छापले. त्यात चाकर, मजूर, कोळी ह्यांचे बोलणे आहे, आणि बायकांची भांडणेसुद्धा आहेत. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे निघाले, त्यालाही परिचित विषयांवरील संवाद जोडलेले होते. बोलीचा कागदावर टिपलेला हा नमुना त्या काळी मोलाचा होता. पण अखेर तो कागदावरचाच.

कागद आणि ध्वनी ह्यांत किती अंतर असते हे पाहावयास आपली भाषाच पुरे आहे. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘हे जग मोठे आहे’ ह्यातला ‘ज’ निराळा आणि ‘तू शंभर वर्षे जग’ ह्यातला ‘ज’ निराळा. लिपी दोहोंना एकच अक्षर देते. ‘चार’ आणि ‘चारा’ ह्यांचीही तीच गत. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला पुस्तकात ‘तू काय करतो आहेस’ असे वाक्य मिळते. तो ते पाठ करून पुण्याच्या रस्त्यावर येतो आणि त्याच्या कानावर ‘काय करतोयस’ असे काहीतरी पडते. चार शब्द शिकलेला मनुष्य दोनच ऐकतो, आणि त्या दोहोंपैकी दुसरा त्याच्या शब्दकोशात सापडत नाही. ह्यात त्याची बुद्धी कमी पडत नाही, की अभ्यासही कमी पडत नाही. त्याला जे शिकविले ते एक आणि जे बोलले जाते ते दुसरे, एवढाच ह्याचा अर्थ.

१८८२ मध्ये विल्हेल्म फियेटर ह्या जर्मन प्राध्यापकाने भाषाशिक्षणाने आता उलट दिशेस वळले पाहिजे, अशी हाक देणारी एक पुस्तिका काढली. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी व त्याचे सहकारी ह्यांनी उच्चारशास्त्राची सभा स्थापन केली. इंग्लंडात हेन्री स्वीट ह्याने १८९९ मध्ये ह्याच विचाराचा मोठा ग्रंथ लिहिला. आधी ध्वनी, मग अक्षर, हे ह्या मंडळींचे सूत्र. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्स विद्यार्थ्यांना निरर्थक शब्द तोंडी सांगत असे आणि विद्यार्थी ते उच्चारचिन्हांत लिहून घेत. अर्थ नसल्यामुळे तर्काने वेळ मारून नेता येत नसे; जे कानी पडले तेच लिहावे लागे. हा कानाचा खरा व्यायाम होता. तथापि शाळांत जाऊन पोहोचली ती बहुधा उच्चारचिन्हेच, आणि पाठ करण्याच्या गोष्टींत आणखी एकीची भर पडली.

एव्हाना यंत्र आले होते. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. १९०१ मध्ये लिंग्वाफोन ही संस्था लंडनमध्ये निघाली आणि घरबसल्या परदेशी माणसाचा आवाज पुनःपुन्हा ऐकणे शक्य झाले. हिंदुस्थानातही ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ ह्या काळात ९७ भाषा व बोलींचे २४२ नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविले गेले. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा वेगवेगळ्या प्रांतांतील माणसांनी आपापल्या बोलीत सांगितली आहे. ह्या तबकड्या आता संगणकावर ऐकता येतात, आणि ज्याला आपल्या देशातील आवाजांचे कुतूहल आहे त्याने त्या जरूर ऐकाव्यात.

यंत्र आल्याने प्रश्न सुटला असे मात्र नाही, कारण ऐकणे किती, कशासाठी आणि केव्हा, ह्याबद्दलच एकमत नव्हते. ह्या बाबतीत १९२० ते १९३० ह्या दशकात दोन इंग्रज शिक्षकांनी आशिया खंडाच्या दोन टोकांस दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये जपानच्या शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून टोकिओस गेला. त्याचे म्हणणे असे, की अंडे उबविण्यास जसा काळ लागतो तसा भाषेलाही लागतो. विद्यार्थ्याने प्रथम केवळ ऐकावे. शिक्षकाने आज्ञा द्यावी, ‘उठा’, ‘दार उघडा’, ‘पुस्तक खिडकीत ठेवा’, आणि विद्यार्थ्याने न बोलता ती पार पाडावी. कळले की नाही हे कृतीवरूनच समजते. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचा प्राचार्य मायकेल वेस्ट ह्याने मात्र १९२६ मध्ये बंगालसंबंधी लिहिताना वाचनावर भर दिला. बहुसंख्य बंगाली मुले थोड्याच वर्षांत शाळा सोडतात. इंग्रज माणूस त्यांना आयुष्यात भेटणार नाही. पुस्तक मात्र भेटेल. म्हणून हाती असलेला थोडा वेळ वाचन शिकविण्यात घालवावा. वेस्टचा हिशेब त्या काळच्या बंगालपुरता चूक नव्हता. पण असे हिशेब ज्या परिस्थितीत मांडलेले असतात ती पालटली तरी शाळेच्या वेळापत्रकात ते टिकून राहतात. श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चौकडी आपल्याकडे प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी असते. उच्चारात श्रवण पहिले येते, पण वेळापत्रकात त्याला जागा बहुधा शेवटी मिळते, किंवा मिळतही नाही.

ऐकणे हीच एक स्वतंत्र विद्या म्हणून शिकविण्याचा प्रसंग आला तो दुसऱ्या महायुद्धात. जपान युद्धात उतरला तेव्हा जपानी जाणणारी माणसे ब्रिटनजवळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९४२ पासून लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत जपानीचे वर्ग सुरू झाले आणि त्यांच्या आखणीत जे. आर. फर्थ ह्या भाषाशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. फर्थ १९१९ ते १९२८ ह्या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता, तेव्हा परभाषा शिकणाऱ्याच्या अडचणी त्याने जवळून पाहिल्या होत्या. वायुदलाने त्याच्यापुढे मांडलेले काम असे, की शत्रूचे वैमानिक आकाशातून जमिनीवरील तळाशी जे बोलतात ते बिनतारी यंत्रावर ऐकून समजणारे तरुण थोड्या महिन्यांत तयार करावयाचे.

ह्या तरुणांना जपानी बोलावयाचे नव्हते, काव्य वाचावयाचे नव्हते, लिपीचीही त्यांना फारशी गरज नव्हती. त्यांना ऐकावयाचे होते. फर्थने प्रथम हे पाहिले, की लढणारा वैमानिक सगळी जपानी भाषा बोलत नाही. उंची, दिशा, इंधन, शत्रूची विमाने, हल्ला, परतणे, एवढ्याच गोष्टींभोवती त्याचे बोलणे फिरते. त्या मर्यादित बोलण्याचेच विश्लेषण करून त्याने अभ्यासक्रम बांधला. एखाद्या विशिष्ट कामापुरती मर्यादित असलेली भाषा, ही कल्पना त्याने पुढे आपल्या भाषाशास्त्रीय लेखनातही मांडली. युद्धकाळात जपानी शिकलेल्या इंग्रज तरुणांपैकी काहीजण दिल्लीस, आनंद पर्वतावरील बिनतारी केंद्रात कामास आले. फर्थला ह्या कार्याबद्दल १९४६ मध्ये सन्मान मिळाला. युद्धाचा हेतू बाजूस ठेवला तरी ह्या प्रयोगात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला नेमके काय ऐकावे लागणार, हा प्रश्न येथे शिक्षकाने आधी विचारला. शाळेत तो कोणी विचारीत नसे.

अमेरिकेतही १९४३ मध्ये सैनिकांसाठी असेच वर्ग निघाले. लहान तुकड्या, ती भाषा जन्मतः बोलणारा एक मनुष्य आणि तासन् तास तोंडी सराव. त्यातूनच युद्धोत्तर काळात भाषा-प्रयोगशाळा जन्मास आल्या. रशियाने १९५७ साली स्पुतनिक सोडल्यावर दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने जो शिक्षणविषयक कायदा केला, त्याच्या पैशाने ह्या प्रयोगशाळा शाळाशाळांतून उभ्या राहिल्या. कानाला हेडफोन लावून विद्यार्थी काचेच्या कप्प्यात बसे, वाक्य ऐके आणि तसेच म्हणे. देखावा ऐकण्याचा असला तरी वस्तुतः ते ऐकणे नव्हते. अर्थ कळला नाही तरी नक्कल करता येते, पोपटही करतो.

पुढे टेप रेकॉर्डर स्वस्त झाला, आणि वर्गात आणखी एक प्रघात पडला. शिक्षकाने ध्वनिफीत लावावी, विद्यार्थ्यांनी ऐकावे, मग पाच प्रश्न विचारावेत. रामराव कोठे गेले? गाडी किती वाजता सुटली? तीन उत्तरे बरोबर आली, तर तीन गुण. ह्या प्रकाराला ‘ऐकणे शिकविणे’ असे नाव मिळाले आहे आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ते चालते. पण ज्याची दोन उत्तरे चुकली त्याला काय मिळाले? त्याला चूक झाल्याचे कळले. कोठे आणि का झाली हे कळले नाही. उंच उडी शिकविणाऱ्याने दोरी बांधावी, कोण पडले कोण नाही ह्याची नोंद करावी आणि तास संपवावा, त्यातलाच हा प्रकार.

ह्या चुकीच्या आत डोकावून पाहण्याचे काम १९७० नंतर नेटाने सुरू झाले. एडिंबरा येथील जिलियन ब्राउन ह्या विदुषीने १९७७ मध्ये इंग्रजी ऐकण्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात मनुष्य सहज बोलताना ध्वनींचे काय होते ह्याचे बारकाईने वर्णन आहे. शब्द एकमेकांत मिसळतात, मधले व्यंजन गळते, स्वर पुसट होतो. हे बोलणाऱ्याचे शैथिल्य नव्हे. सगळ्या भाषांत सगळे लोक असेच बोलतात. आपले ‘करतोयस’ त्यातलेच. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो; बोलताना सोडीत नाही. म्हणून ऐकणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न अर्थाचा नसतोच. ह्या अखंड धारेत एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हा तो प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भाषा आपापल्या परीने देते. इंग्रजीच्या सहज बोलण्यात आलेल्या अर्थवाही शब्दांपैकी सुमारे नव्वद टक्के शब्दांचा आरंभ ठसठशीत अवयवाने होतो, असे ॲन कटलर व तिच्या सहकाऱ्याने १९८७ मध्ये मोजून दाखविले. इंग्रज मनुष्याचा कान हे नकळत जाणतो. ठसठशीत अवयव आला की नवा शब्द सुरू झाला, असे धरून चालतो. फ्रेंच माणूस अवयवाअवयवाने कापतो. जपानी त्याहूनही लहान मात्रेने. आणि खरी मौज पुढेच आहे. परकी भाषा ऐकतानाही मनुष्य आपल्याच भाषेची कात्री चालवितो. ग्वँच्या डोक्यात तीस हजार जर्मन शब्द होते, पण ते कोठे कापावयाचे हे त्याच्या फ्रेंच कानाला ठाऊक नव्हते. शब्दसंग्रह वाढवून हे दुखणे बरे होण्यासारखे नव्हते.

हीच अडचण उलट बाजूनेही येते. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. २००७ पासून ती विद्यापीठ आहे. तेथील रामकृष्ण बन्सल ह्यांनी भारतीयांचे इंग्रजी परकीयांना कितपत कळते ह्याचा अभ्यास करून तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटिश श्रोत्यांना ते सरासरीने सत्तर टक्क्यांच्या आसपास कळले, आणि न कळण्याच्या कारणांत शब्दातील आघात भलत्याच अवयवावर पडणे हे एक मुख्य कारण आढळले. श्रोत्याला जेथे शब्दाचा आरंभ हवा तेथे तो मिळत नाही, म्हणून पुढचे सगळेच विस्कटते. आपल्याकडे हा निष्कर्ष उच्चार सुधारण्याच्या कामी लावला गेला. कान सुधारण्याच्या कामीही तो तितकाच उपयोगी होता.

मग ऐकणे शिकवावयाचे कसे? जॉन फील्ड ह्या इंग्रज अभ्यासकाने २००८ च्या आपल्या ग्रंथात दिलेला उपाय अगदी साधा आहे. प्रश्न विचारून थांबू नका. चूक कोठे झाली त्या जागेवर परत जा. तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवा, विद्यार्थ्याने काय ऐकले ते त्याला लिहावयास सांगा, आणि त्या प्रकारच्या चार-पाच वाक्यांचा लहानसा श्रुतलेख द्या. ‘करतोयस’ अडले, तर ‘येतोयस’, ‘बसलायस’, ‘म्हणतोयस’ अशी वाक्ये सहज बोलण्याच्या गतीने ऐकवावीत. हळू, तोडून तोडून बोलू नये, कारण रस्त्यावर कोणी तसे बोलत नाही. त्यास दहा मिनिटे पुरतात. आपल्या शाळांतील जुना श्रुतलेख शुद्धलेखनाच्या तपासणीत अडकून पडला नसता, तर त्यातूनच हे साधले असते असे मला नेहमी वाटते. आज हातातल्या भ्रमणध्वनीवर जगातील वाटेल ती भाषा चोवीस तास ऐकता येते, हे खरे. परंतु नुसत्या ऐकण्याने कान तयार होत असते, तर आकाशवाणीवर वर्षानुवर्षे संस्कृत बातम्या ऐकणारे सगळे संस्कृतज्ञ झाले असते.

हा प्रश्न शाळेपुरता आणि परीक्षेपुरता आहे असे कोणास वाटेल. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीच्या पश्चिमेस, हरियाणातील चरखी दादरीवर, दोन विमानांची आकाशात टक्कर झाली. एक सौदी अरेबियाचे, दिल्लीहून निघालेले; दुसरे कझाकस्तानचे, दिल्लीस उतरणारे. दोहोंतील मिळून ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. उतरणाऱ्या विमानाने पंधरा हजार फुटांवर राहावयाचे होते आणि चढणाऱ्याने चौदा हजारांवर. कझाक विमान ठरलेली उंची सोडून खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी ह्यांच्या चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत त्या विमानातील कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि त्यामुळे नियंत्रण कक्षाच्या सूचनांचा लागलेला चुकीचा अर्थ, हेही एक होते. ती मंडळी इंग्रजी बोलत नव्हती असे नाही. तळाशी बोलणे झाले होते, उत्तरे दिली-घेतली गेली होती.

१९९८ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ह्या विषयावर ठराव केला, २००३ मध्ये नियम मंजूर केले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिक आणि नियंत्रक ह्यांची भाषा त्या नियमांनुसार सहा अंगांनी तपासली जाते: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, श्रवणातून होणारे आकलन आणि संभाषणातील देवघेव. प्रत्येक अंगाला एक ते सहा अशी श्रेणी असते आणि चौथी श्रेणी मिळाल्याखेरीज काम करता येत नाही. चौथी श्रेणी मिळालेल्याची पुन्हा परीक्षा साधारणतः तीन वर्षांनी होते. ह्या सहा श्रेणींची सरासरी काढीत नाहीत. सहांपैकी जी सर्वांत खालची असेल, तीच त्या माणसाची श्रेणी म्हणून लिहिली जाते.